कुंपणातली निळी चिंधी

ज्येष्ठ लागला की माझ्या मागच्या अंगणातल्या कॅक्टसला कळ्या येतात. पाऊस पडो न पडो, पाणी घाला न घाला. पाणी तर मी घालतच नाही. धुण्याच्या दगडामागे भिंतीला टेकून तो उभा आहे, छपराहून हातभर उंच, आणि न बोलावलेल्या पाहुण्यासारखा दरवर्षी आपल्या वेळेला हजर होतो. कळी आधी बोराएवढी असते. मग ती लांबत लांबत वीतभर होते, मान वर उचलते, आणि एका संध्याकाळी फुगून हिरवट पांढरी दिसायला लागते. त्या संध्याकाळी मी मुद्दाम घरातली कामं काढते. गहू निवडायला घेते, नाहीतर कपाट आवरते. मागचं दार लावून घेते. तरी वास यायचा तो येतोच.

आमच्या बारामतीच्या या कॉलनीत रात्री उमलणाऱ्या फुलांचं कौतुक काही कमी नाही. समोरच्या वहिनींकडे ब्रह्मकमळ आहे. ते उमलायचं असलं की निरोप येतो, बायका हळदीकुंकू घेऊन जमतात, कुंडीला ओवाळतात, मनातल्या मनात काहीतरी मागतात आणि मग मसाला दूध पितात. मीही जाते. ते ब्रह्मकमळ म्हणजेही एक कॅक्टसच, अमेरिकेतल्या रानातून आलेला, माझ्या धुण्याच्या दगडामागच्या त्या काटेरी बुवाचा भाऊबंद, हे मला ठाऊक आहे. पण भरल्या ताटात खडा कशाला टाका. मी हात जोडते. मागत मात्र काही नाही. मागायचं असलं तर ते फुलाकडे मागून भागणार नाही, हे मला चौदाव्या वर्षापासून माहीत आहे.

चौदावं वर्ष म्हणजे मी नववीतून दहावीत गेले तो उन्हाळा. नव्वदच्या दशकातला, इंदापूर तालुक्यातल्या आमच्या अंथुर्ण्याच्या बाजूला अतिशय कोरडा गेलेला. कालव्याच्या पाण्यावर पलीकडच्या शिवारात ऊस उभा होता आणि आमच्या वस्तीवर, कालव्याच्या शेपटाला, जमिनीला भेगा होत्या. आमच्या घराण्यात पूर्वी मेंढरंच होती. मग शेती आली, वडील कारखान्यावर हंगामी कामाला लागले, आणि मेंढरं राखणारे घरात एकटे तात्या उरले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, चाळीस बाया घरात हाईत की, आणि मेंढरं कोंडायच्या वाडग्याकडे बोट दाखवायचे.

तात्यांच्या मुंडाशात एक दाभण खोवलेलं असायचं. घोंगडी शिवायला, पायातला काटा काढायला, आणि मुख्य म्हणजे झाड ओळखायला. मेंढरू ज्याला तोंड लावेल असं कुठलंही नवं झाड दिसलं की तात्या आधी त्याला दाभण टोचायचे आणि थांबायचे. पांढरा चीक आला तर त्या वाटेनं कळप न्यायचा नाही. पाणी आलं तर एक पान स्वतः चावून बघायचं. मग मेंढरू. त्यांच्या वडिलांनी असंच केलं होतं आणि त्यांच्याही वडिलांनी. बाभळीइतकी ओळखीची झाडंसुद्धा ते कधीकधी उगाच टोचून बघायचे. सवयच ती.

मी शाळेसाठी पाचवीपासून बारामतीला मामाकडे होते. मामाच्या घरमालकीणबाई, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, झाडांच्या वेड्या होत्या. त्यांच्या बंगल्याच्या कोपऱ्यात हा उंच कॅक्टस होता, खांबासारखा, सहा धारांचा. फुलं रात्री यायची आणि सकाळी उन्हं चढली की मान टाकायची. काकूंनीच मला पहिल्यांदा गच्चीवर नेऊन ते फूल दाखवलं. तळहाताहून मोठं, पांढरंशुभ्र, आत पिवळी दाटी. एवढं मोठं फूल आणि बघायला कुणी नाही, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. काकू म्हणाल्या की बघायला पाकोळ्या आणि वटवाघळं येतात, आपण नसलो तरी त्याचं काही अडत नाही. त्यांनीच सांगितलं की ही झाडं अमेरिकेतली, तिकडे काही भागात दुष्काळ पडला की काटे जाळून ही खोडं गुरांपुढे टाकतात. ते वाक्य मी पाठ करून ठेवलं. मला त्या वयात सगळंच पाठ करून ठेवायची खोड होती.

पाचवीच्या परीक्षेनंतर काकूंनी मला त्याचे पाच तुकडे दिले. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीतून वस्तीवर आणले. कंडक्टरनं पुडकं बघितलं आणि काकड्या का गं, म्हणून विचारलं. लावायचे कुठे हा प्रश्नच होता, कारण आमच्याकडे मेंढरांपासून सुरक्षित अशी एकच जागा होती, ती म्हणजे वाडग्याचं कुंपण. ते कुंपण आपल्या नेहमीच्या, चिकाच्या तीनधारी निवडुंगाचं. त्याच्यातच मधेमधे मी माझे पाच तुकडे खोवले. तात्यांनी येऊन एकाला दाभण टोचलं, थांबले, आणि स्वच्छ पाण्याचा थेंब बोटावर घेऊन बघितला. चीक नाही म्हणाले. पण दिसायला आपल्यातलंच आहे, म्हणून हसले. आपल्यातलं आणि परकं असं कुंपणात चार वर्षं एकमेकांत वाढत गेलं. नववीच्या उन्हाळ्यात ते माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं आणि कुठलं खोड कुणाचं हे लांबून सांगता येत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात कारखान्याचा हंगाम संपला तसं उसाच्या शेंड्यांचं वाडं चाऱ्याला मिळायचं बंद झालं. माळावर काडी नव्हती. तात्या कळप घेऊन पहाटे निघायचे आणि भर उन्हात तसेच परतायचे. नुकत्या व्यालेल्या चार मेंढ्यांना तर चालवत नव्हतं, त्या वाडग्यातच पडून असायच्या आणि कोकरं कोरड्या सडांना ढुशा द्यायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तात्या दारात बसून नुसते त्यांच्याकडे बघत. त्यांना असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

तेव्हा मी काकूंचं वाक्य काढलं. अमेरिकेत असं करतात, तात्या. काटे जाळायचे, तुकडे करायचे, गुरं आवडीनं खातात. तात्यांनी ऐकून घेतलं. वडील म्हणाले की हिच्या पुस्तकातली मेंढरं वेगळी असतील. पण तात्या म्हणाले की पोरगी शिकती, खोटं कशाला सांगेल. उद्या पहाटे एक खोड तोडून त्या चौघींना घालून बघू, असं ठरलं. मग मी आणखी शहाणपणा केला. कुठलं खोड तोडायचं ते मी ठरवणार, म्हटलं, कारण तुम्ही नेमकं कळ्यांचं तोडाल. मी संध्याकाळी चिंधी बांधून ठेवते, तीच खूण. तात्या म्हणाले बरं, टोचून बघून तोडतो. आणि मी हसले. माझ्या हसण्याचा आवाज मला आठवतो. म्हटलं, तात्या, मी खूण केल्यावर टोचायचं काय राहिलं? दाभण काय शाळेत गेलंय का?

ते ऐकून आईलाही हसू आलं होतं. तात्याही हसले. एवढंच झालं.

संध्याकाळी मी चिंधी बांधायची विसरले. शेजारच्या वस्तीवरच्या मैत्रिणीकडे गेले, तिथे गप्पा रंगल्या. आठवण झाली तेव्हा अंधार पडला होता. जुन्या शाळेच्या निळ्या स्कर्टची एक पट्टी फाडून मी कुंपणाशी गेले आणि बघते तर माझ्या पाचांपैकी एकाला फूल आलेलं. आमच्या वस्तीवरचं पहिलं. त्या वाळलेल्या, भेगाळलेल्या माळावर ते पांढरं फूल डोळ्यांदेखत हळूहळू उघडत होतं, आणि वास असा की बाजूला मेंढरांचा वास आहे हेही विसरावं. फुलाचं खोड सोडून त्याच्या शेजारचं बांधायचं, एवढं माझ्या डोक्यात होतं. डोळे फुलावर होते. हात कुंपणात घातला, शेजारचं जाड खोड बोटांना लागलं, काटे चुकवत मी गाठ मारली. किती धारा आहेत ते मी मोजलं नाही. मोजायला एक बोट पुरलं असतं.

उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपायचो. पहाटे मला अर्धवट जाग आली तेव्हा तात्या कोयता घेऊन कुंपणाशी उभे होते. जरा जास्तच वेळ उभे होते. त्यांचा हात मुंडाशाकडे गेला, तिथे थोडा थांबला, आणि तसाच खाली आला. मी कूस वळवली. मग कोयत्याचा एकच घाव ऐकला.

तात्या ओरडले नाहीत. आईला हाक मारून एवढंच म्हणाले, "सुमीच्या आय, पानी आना. डोळ्यात चीक गेला."

खोड खांद्याच्या वर तोडलं होतं, चिकाची चिळकांडी सरळ उजव्या डोळ्यात गेली होती. आई मेंढीचं दूध घालायचं म्हणत होती, पण दूध होतं कुठे. मी पिण्याच्या पाण्याची कळशीच्या कळशी त्यांच्या डोळ्यावर ओतली. पाणी, पाणीच ओतायचं, असं मी मोठमोठ्यानं सांगत होते, विज्ञानात शिकले होते म्हणून. तात्या मान वाकवून बसले होते आणि पाणी वाया जातंय म्हणत होते. दूध गोळा करणारी गाडी आली तशी वडील त्यांना तिच्यातून घेऊन गेले. आधी इंदापूर, आणि तिथून बारामती.

गाडीचा धुरळा बसला. आई चुलीपाशी डोळ्याला पदर लावून बसली. मी कुंपणाशी गेले. तोडलेल्या बुंध्यातून अजून चीक गळत होता आणि माझी निळी चिंधी त्यात भिजली होती. मी धारा मोजल्या. तीन होत्या.

यापुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मी ती गाठ सोडवली. चिंधी चुलीत टाकली. स्कर्टची दुसरी पट्टी फाडली, कोरडी, आणि पलीकडच्या सहा धारांच्या खोडाला बांधली, त्याच उंचीवर, तशीच गाठ मारून. मी चौदा वर्षांची होते, आणि इतका नीट विचार मी त्याआधी कधी कशाचा केला नव्हता. गाठ सोडवताना चीक लागून बोटांना फोड आले. आईनं विचारलं तर चुलीचा चटका म्हटलं. तिनं तूप लावलं.

तात्या तिसऱ्या दिवशी आले, डोळ्याला पट्टी. आधी त्या चार मेंढ्यांकडे गेले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग कुंपणाशी गेले. मी दारातून बघत होते. त्यांनी चिंधी धरली, सोडली. अंगठा खोडावरून फिरवत एकेक धार मोजली. मग शेजारच्या तुटक्या बुंध्याकडे बघत राहिले. रात्री जेवताना वडिलांना म्हणाले, चिंधी बरोबर होती, मीच चुकलो. आई म्हणाली, अंधार होता, चुकतं माणूस. त्यावर तात्या म्हणाले की अंधारात मी कोकरू कुणाचं ते वासावरून सांगतो. आणि ताट तसंच ठेवून उठले. माझ्या तोंडातला घास मी गिळला आणि पुढचा घेतला.

डोळा वाचला नाही. महिनाभर लाल राहिला आणि मग बुबुळावर पांढरा डाग आला; डोळ्यात फूल पडलं, असं त्याला आमच्याकडे म्हणतात. मी तसं तेव्हापासून म्हणत नाही.

वडिलांनी पुढे त्या सहाधारी खोडांचे काटे जाळून तुकडे मेंढ्यांना घातले. त्यांनी खरंच आवडीनं खाल्ले. चारातल्या तीन जगल्या. म्हणजे माझं म्हणणं सगळं खरं होतं. गावात मी हुशार ठरले.

आषाढात पाऊस झाला, माळ हिरवा झाला, आणि जिथे कुणीही माणूस कळप वाढवेल तिथे तात्यांनी मेंढरं विकायला काढली. वडील भांडले. आई रडली. गवत आलंय, आता का, म्हणून वस्तीवरची चार माणसं समजावायला आली. तात्यांचं एकच म्हणणं होतं आणि ते त्यांनी सगळ्यांना त्याच शब्दांत सांगितलं, "ज्याला झाड वळकू येत न्हाय, त्यानं मेंढरं राखू न्हाईत." एक डोळा गेला म्हणून विकली, असं लोक समजतात. एका डोळ्यानं तात्यांनी शंभर मेंढरं राखली असती. त्यांचा विश्वास गेला होता, आणि तो मी कोरड्या चिंधीनं काढून घेतला होता. एका वाक्यात परत देता आला असता. बाजाराच्या दिवशी टेम्पोत मेंढरं चढवताना मी तिथेच होते, एक कोकरू उचलून मीच वर दिलं.

मुंडाशातलं दाभण त्या दिवसापासून दिसलं नाही. तात्या एका डाळिंबाच्या बागेवर राखणीला राहिले. झाडं सगळी एकाच जातीची, ओळखायचं काही नाही.

मी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले. तात्यांनी वस्तीवर पेढे वाटले आणि ज्याला त्याला गोष्ट सांगितली, आमच्या सुमीनं खूण करून दिली होती, अमेरिकेतलं झाड बरोबर दाखवलं होतं, मीच येडा दुसऱ्याला कोयता घालून बसलो. पुढे ती गोष्ट त्यांच्या तोंडी बसली. लग्नात, बारशात, पाहुण्यांत, कुठेही. लोक हसायचे, तेही हसायचे. माझ्या लग्नात नवरदेवालाही त्यांनी ती सांगितली. प्रत्येक वेळी मी तिथे असायचे, हातात चहाचा ट्रे नाहीतर पानाचं ताट. सांगायची वेळ कधी येते ते कळत नाही, आणि गेली की मात्र लगेच कळते.

लग्न होऊन बारामतीत घर केलं तेव्हा वस्तीवरून येताना मी त्या कॅक्टसचा एक तुकडा घेऊन आले. का, ते नवऱ्याला सांगता आलं नाही. आवडतो का, म्हणाला. मी हो म्हटलं.

आता इंदापूरच्या बाजूला जावं तर सिमेंटच्या खांबांवर ड्रॅगन फ्रूटच्या बागा दिसतात. तोही कॅक्टसच, तोही तिकडचाच, त्याचंही फूल रात्रीचंच. ज्या माळावर चार मेंढ्यांना काडी नव्हती तिथे आता परदेशी निवडुंगाला ठिबकनं पाणी मिळतं, जास्त फुलं यावीत म्हणून रात्री बागेत दिवे लावतात. वडील फोनवर कौतुकानं सांगतात. मी हं हं करते. त्या उन्हाळ्यात त्या झाडानं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, हे मी स्वतःला पुष्कळदा बजावते. झाड आपलं उगवलं, वाढलं, फुललं. खोटं बोलायला त्याला येत नाही.

गेल्या आठवड्यात तात्या माझ्याकडे आले. राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, परवा ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात साधं आहे. तात्याही सगळ्यांना साधं आहे म्हणून सांगतात, पण काल चहा पिताना मला म्हणाले, हाही गेला तर मला वस्तीवर नेऊन सोड, इथल्या भिंती मला ठाऊक नाहीत. मी काहीतरी धीराचं बोलले. मुंडासं जाऊन आता डोक्यावर टोपी आली आहे. हात तेच आहेत.

आणि आज संध्याकाळी कळी फुगली. मी गहू निवडायला घेतले, मागचं दार लावलं. तात्या कॉटवर बसून होते. थोड्या वेळानं त्यांनी नाक वर केलं आणि विचारलं, "सुमे, ही तीच फुलं न्हवं? आपल्या कुंपनातली?"

नाही म्हणता आलं असतं. इतकी वर्षं जमलं, आणखी एकदा जमलं असतं. मी हो म्हटलं. ते उठले. मी त्यांचा हात धरून दार उघडून त्यांना मागे नेलं. फूल अर्धं उमललं होतं. त्यांना ते नुसतं पांढरं काहीतरी दिसत असणार. फुलाकडे त्यांनी फारसं बघितलंही नाही. हात पुढे केला, खोड शोधलं, आणि अंगठा काट्यांच्या मधून फिरवत एकेक धार मोजली. सहा. त्यांच्या चेहऱ्यावर मला ती नेहमीची गोष्ट यायला लागलेली दिसली, मीच येडा, आणि मागोमाग येणारं ते हसू. ते हसू मला आता बघवणार नव्हतं.

"तात्या," मी म्हटलं, "त्या दिवशी चिंधी तुमी तोडलेल्या खोडालाच हुती. मीच चुकीच्या खोडाला बांधली. तुमी दवाखान्यात गेल्यावर मी दुसरी बांधली, ह्याच्यासारख्या सहा धारांच्या खोडाला. तुमी चुकला नव्हता."

त्यांचा अंगठा सहाव्या धारेवर होता तिथेच राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"मला वाटलंच हुतं तवा," ते म्हणाले. "हाताला तीनच लागल्या हुत्या. पर तुजी चिंधी हुती म्हनून घाव घातला." ते माझ्याशी बोलत नसावेत असं वाटलं, इतक्या हळू. डोकं हलवत ते काही जुळवत होते. मग त्यांनी आपला राहिलेला डोळा माझ्याकडे वळवला.

"मंग मेंढरं कशापायी इकली गं मी?"

मी त्यांचा हात धरून उभी राहिले. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.